‘त्रिकोण समभुज आहे असं मानू’ हे कधी चालतं आणि कधी चालत नाही

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय ना, ते कळेल. एका पुस्तकात ‘त्रिकोणाच्या तीनही मध्यगा एका बिंदूतून जातात’ या प्रमेयाची सिद्धता ‘त्रिकोण समभुज आहे असं मानायला हरकत नाही’ या वाक्याने सुरू होते आणि तीन ओळींत संपते. तुम्ही क्लासच्या चाचणीत ‘तीनही शिरोलंब एका बिंदूतून जातात’ यासाठी तेच वाक्य लिहिलंत आणि शून्य मिळालं. दोन्ही प्रमेयं सगळ्या त्रिकोणांसाठी खरी आहेत, समभुज त्रिकोणात दोन्ही सारखीच सहज दिसतात. मग एकाला परवानगी आणि दुसऱ्याला शून्य, हे ठरवतं कोण?

शून्य योग्यच होतं आणि पुस्तकातली सिद्धताही बिनचूक आहे. पुस्तकाच्या लेखकाने मधलं एक वाक्य गाळलंय, कारण त्याला ते उघड वाटलं. सगळं गणित त्या गाळलेल्या वाक्यात आहे. ऑलिंपियाडच्या मुलांना भूमिती शिकवताना माझा सगळ्यात जास्त वेळ याच वाक्यावर जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक चाचपणी करू. समजा, ‘त्रिकोण समभुज मानू’ हे कुठल्याही प्रश्नात चालतं. समभुज त्रिकोणात मध्यगा आणि शिरोलंब एकच असतात, त्यामुळे मध्यगांचा संपातबिंदू (जिथे तीनही मध्यगा मिळतात तो) आणि लंबसंपात (जिथे तीनही शिरोलंब मिळतात तो) हेही एकच. म्हणजे ‘प्रत्येक त्रिकोणात हे दोन बिंदू एकच असतात’ असंही सिद्ध झालं! पण काटकोन त्रिकोण काढून पाहा. त्याचा लंबसंपात काटकोनाच्या शिरोबिंदूवर असतो आणि मध्यगांचा संपातबिंदू त्रिकोणाच्या आत. विधान उघड खोटं आहे. तुमची शिरोलंबांची सिद्धता आणि ही खोटी सिद्धता यांची युक्ती अगदी तीच आहे. ज्या युक्तीने खोटंही सिद्ध होतं, तिने खरं विधान ‘सिद्ध’ झालं तरी त्याला काही किंमत नाही. शून्य का, त्याचं कारण हे. तुमचं उत्तर चुकलं नव्हतं. उत्तरापर्यंत नेणारा रस्ता मधेच तुटलेला होता.

आता पुस्तकातलं गाळलेलं वाक्य पाहू. ‘समभुज मानू’ याचा खरा अर्थ असा: दिलेल्या त्रिकोणावर मी एक रूपांतरण चालवतो, त्यामुळे तो समभुज होतो. विधानातला एकही शब्द या रूपांतरणात बिघडत नाही. समभुजासाठी विधान सिद्ध करतो आणि उलट्या रूपांतरणाने मूळ त्रिकोणावर परत येतो. परवानगी मिळते ती विधानातले शब्द रूपांतरणात टिकतात की नाही, यावरून. त्रिकोण कुठला आहे याला महत्त्व नाही.

कुठल्याही त्रिकोणाचा समभुज करणारं रूपांतरण म्हणजे अफाइन रूपांतरण. निर्देशकांत लिहिलं तर नवा क्ष = ग·क्ष + घ·य + च, आणि नवा य = ज·क्ष + झ·य + ट. अट एकच, ग·झ − घ·ज शून्य नको. हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर खिडकीच्या जाळीची उन्हातली सावली पाहा. सूर्याचे किरण जवळजवळ समांतर असतात, त्यामुळे जाळीकडून जमिनीकडे जाताना जे घडतं ते अफाइन रूपांतरणच असतं. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात चौकोनी जाळीची सावली लांबट आणि तिरकी पडते. काटकोन जातात, लांब्या बदलतात. पण सरळ गजाची सावली सरळ, समांतर गजांच्या सावल्या समांतर. गजाच्या बरोबर मध्यावर गाठ असेल तर तिची सावली गजाच्या सावलीच्या मध्यावरच पडते. जाळीची घरं सारखी असतील तर सावलीतली घरंही आपसांत सारख्याच क्षेत्रफळाची.

म्हणजे सरळ रेषा, समांतरपणा, मध्यबिंदू, एका रेषेवरच्या तुकड्यांची गुणोत्तरं, क्षेत्रफळांची गुणोत्तरं आणि स्पर्शिका या गोष्टी अफाइनमध्ये टिकतात. लांबी, कोन, लंब, कोनदुभाजक, वर्तुळ, परिमिती टिकत नाहीत. एवढी यादी डोक्यात असली की निम्मं काम झालं.

आता दोन्ही प्रमेयं शब्दाशब्दाने वाचा. मध्यगांचं प्रमेय: शिरोबिंदू, समोरच्या बाजूचा मध्यबिंदू, त्यांना जोडणारी रेषा, तीन रेषा एका बिंदूतून. चारही शब्द टिकतात. तेव्हा त्रिकोण समभुज करायला पूर्ण मोकळीक. समभुज त्रिकोण अबक मध्ये ब आणि क मधून निघणाऱ्या मध्यगा एका बिंदूत छेदतात. अ मधून जाणाऱ्या मध्यगेवर आरसा ठेवा. ब आणि क ची अदलाबदल होते, त्यांच्या मध्यगांचीही होते, म्हणून त्यांचा छेदनबिंदू जागचा हलत नाही. आरशात जे बिंदू हलत नाहीत ते आरशाच्या रेषेवरच असतात. म्हणून तो बिंदू तिसऱ्या मध्यगेवर आहे. झालं.

शिरोलंबांचं प्रमेय वाचताना ‘लंब’ या शब्दापाशी थांबावं लागतं. समभुज करण्याआधी जो शिरोलंब होता, तो रूपांतरणानंतर शिरोबिंदूतून जाणारी एक तिरपी रेषा होतो. समभुजात तुम्ही जे शिरोलंब काढलेत त्या वेगळ्याच रेषा, मूळ त्रिकोणाच्या शिरोलंबांशी त्यांचं नातं नाही. परत येताना त्या मूळ त्रिकोणाच्या मध्यगा होतात. म्हणजे तुम्ही मध्यगांचं प्रमेय पुन्हा एकदा सिद्ध केलंत आणि वर नाव शिरोलंबांचं लिहिलंत. कोनदुभाजकांचीही हीच गत. चौरसाचा कर्ण काटकोनाचे दोन समान भाग करतो. क्ष-दिशेला सगळं दुप्पट ताणा. चौरसाचा आयत होतो, कर्ण कर्णच राहतो, पण आता तो लांब बाजूशी २७ अंशांहूनही कमी कोन करतो.

तुम्ही पुढे असंही विचारलंय की यात ‘ग्रुप’ कुठून आला, कारण बीएस्सीला गेलेली तुमची ताई याला ‘ट्रान्सफॉर्मेशन ग्रुप’ म्हणते. ताई बरोबर म्हणते. वर मी नकळत तीन गोष्टी वापरल्या. काहीच न करणं हेही एक रूपांतरण आहे. केलेलं रूपांतरण उलटं करून परत येता येतं. आणि एकापाठोपाठ दोन रूपांतरणं केली तर तयार होणारं रूपांतरणही त्याच जातीचं असतं. ग्रुपच्या व्याख्येतल्या अटी याच (एकामागून एक करण्याच्या क्रियेला साहचर्य आपोआपच असतं). आता या अटी तुमच्या प्रश्नाला जोडून पाहा. उलटं रूपांतरण नसेल तर समभुजावर सिद्ध केलेलं मूळ त्रिकोणावर आणता येणार नाही. उदाहरणार्थ, सगळे बिंदू एका रेषेवर प्रक्षेपित केले तर आकृती खूप सोपी होते, पण परतीची वाट बंद. एकापाठोपाठ करण्याची सोय नसेल तर ‘आधी हा शिरोबिंदू आरंभबिंदूवर आणू, मग ती बाजू अक्षावर आणू’ अशी टप्प्याटप्प्याची सिद्धता लिहिताच येणार नाही. ‘विदाउट लॉस ऑफ जनरॅलिटी’ (व्यापकता न गमावता ‘असं मानू’ म्हणणं), म्हणजे वहीतलं तुमचं डब्ल्यूएलओजी, ज्या जमिनीवर उभं असतं ती या अटींची आहे.

हा विचार १८७२ साली जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन याने एर्लांगेन विद्यापीठात प्राध्यापक होताना छापलेल्या एका पुस्तिकेत मांडला. तेव्हा तो २३ वर्षांचा होता. त्याआधी, १८७० मध्ये, तो आणि त्याचा गणिती मित्र सोफस ली पॅरिसला एकत्र होते आणि त्याच वर्षी फ्रेंच गणिती कामीय जॉर्दांचा ग्रुपवरचा मोठा ग्रंथ आला होता. ग्रुप ही तोवर मुख्यतः समीकरणांच्या मुळांची अदलाबदल समजून घेण्याची गोष्ट होती. क्लाइनने ती भूमितीच्या मुळाशी नेऊन ठेवली. त्याचं म्हणणं: आधी सांगा तुम्ही कोणती रूपांतरणं मान्य करता, म्हणजे तुमची भूमिती कोणती ते ठरतं. त्या रूपांतरणांत जे बदलत नाही, तेवढंच त्या भूमितीचं. शाळेत आपण हे न सांगता करतच असतो. बाबाबा, बाकोबा, कोबाको या कसोट्या म्हणजे ‘सरकवणं, फिरवणं, आरशात पाहणं एवढंच मान्य’ या भूमितीत दोन त्रिकोण कधी एकच समजायचे त्याची उत्तरं. समरूपतेची कोको कसोटी म्हणजे त्यात लहान-मोठं करणं मान्य केल्यावरचं उत्तर. आणि अफाइन भूमितीत कसोटीच लागत नाही, तिथे सगळे त्रिकोण एकच.

हे शेवटचं का, ते मोजून पाहता येतं, आणि ही मोजणी मी प्रत्येक प्रश्नाच्या सुरुवातीला कच्च्या कागदावर करतो. प्रतलातल्या त्रिकोणाला सहा आकडे लागतात, तीन शिरोबिंदूंचे प्रत्येकी दोन निर्देशक. अफाइन रूपांतरणातही सहा आकडे मोकळे: ग, घ, च, ज, झ, ट. सहाला सहा, हिशोब मिटला. ठरावीक त्रिकोणाचे शिरोबिंदू दुसऱ्या ठरावीक त्रिकोणाच्या शिरोबिंदूंवर नेमून दिलेल्या क्रमाने नेणारं अफाइन रूपांतरण असतं आणि ते एकच असतं. समरूपतेत चारच आकडे मोकळे: दोन सरकवण्याचे, एक फिरवण्याचा, एक लहान-मोठं करण्याचा. म्हणून बाजू बक (०, ०) ते (१, ०) अशी घेता येते, पण अ चे दोन निर्देशक उरतात. ते दोन उरलेले आकडे म्हणजेच त्रिकोणाचे दोन कोन. लंब, कोन, परिवर्तुळ आलेल्या प्रश्नात तुम्हाला एवढीच मोकळीक आहे, दोन आकडे वागवावेच लागतात. चौकोनाला आठ आकडे. अफाइन सहा खाऊन टाकतं, दोन उरतात, म्हणून ‘कुठलाही चौकोन चौरस मानू’ हे अफाइनमध्ये चालत नाही. समांतरभुज चौकोन मात्र चौरस मानता येतो.

यातलं माझं आवडतं उदाहरण समलंब चौकोनाचं आहे. त्याच्या असमांतर बाजू वाढवल्या की म मध्ये मिळतात, कर्ण न मध्ये छेदतात. सिद्ध करा की रेषा मन दोन्ही समांतर बाजूंना दुभागते. सरळ रेषा, छेदनबिंदू, समांतर, मध्यबिंदू, सगळे शब्द अफाइन. पण समलंब चौकोनाचे सात आकडे (आठातून समांतरपणाची एक अट वजा), मोकळीक सहाची. एक आकडा उरतो: दोन समांतर बाजूंचं गुणोत्तर. ते बदलता येणार नाही, पण बदलायची गरजही नाही. खालची बाजू जागेवर ठेवून वरची बाजू तिच्या दिशेतच आडवी सरकवा, वरचा मध्यबिंदू खालच्या मध्यबिंदूच्या बरोबर डोक्यावर येईपर्यंत. समलंब चौकोन समद्विभुज झाला. आता मधोमध आरसा ठेवा. असमांतर बाजूंची अदलाबदल होते म्हणून म आरशावर, कर्णांची अदलाबदल होते म्हणून न आरशावर. आरसा दोन्ही मध्यबिंदूंतून जातोच. काहीही आकडेमोड नाही.

इथे सममिती दोन वेगळ्या ठिकाणी आली, हे नीट पाहा. मोठा ग्रुप अफाइन रूपांतरणांचा. त्याने आकृती सोयीच्या जागी नेली. छोटा ग्रुप त्या सोयीच्या आकृतीच्या स्वतःच्या सममितींचा, म्हणजे आकृतीला तिच्याच जागी आणून ठेवणारी रूपांतरणं. समद्विभुज समलंब चौकोनाला अशा दोनच: काही न करणं आणि आरसा. समभुज त्रिकोणाला सहा: तीन फिरवण्या (त्यात न फिरवणंही धरलं) आणि तीन आरसे. मोठा ग्रुप निवडताना तो विधान बिघडवत नाही ना, ते पाहायचं. त्याने आकृती अशा ठिकाणी न्यायची की छोट्या ग्रुपमध्ये जितक्या जास्त सममिती मिळतील तितक्या मिळाव्यात. सिद्धतेचं खरं काम बहुतेक वेळा तो छोटा ग्रुप करतो.

आता थोडं कठीण उदाहरण, हातात कागद घेऊन वाचा. त्रिकोण अबक मध्ये बाजू बक वर ब पासून एक तृतीयांशावर ड घ्या, कअ वर क पासून एक तृतीयांशावर इ, आणि अब वर अ पासून एक तृतीयांशावर फ. अड, बइ, कफ ओढल्या की मधे एक छोटा त्रिकोण अडकतो. त्याचं क्षेत्रफळ मूळ त्रिकोणाच्या किती पट? उत्तर एक सप्तमांश. मुलं इथे निर्देशक घेऊन दोन पानं भरतात.

उलट्या बाजूने या. आधी छोटा त्रिकोण पतर काढा, त्याचं क्षेत्रफळ १ समजा. बाजू तप ही प च्या पलीकडे तिच्याच लांबीइतकी वाढवा, टोकाला अ म्हणा. रत ही त च्या पलीकडे तेवढीच वाढवून ब मिळवा. पर ही र च्या पलीकडे वाढवून क मिळवा. आता त्रिकोण पतब पाहा. बत आणि तर समान आणि एकाच रेषेवर, समोरचा शिरोबिंदू प एकच, म्हणून त्याचं क्षेत्रफळ पतर इतकंच, म्हणजे १. त्रिकोण अपब: अप आणि पत समान, समोरचा शिरोबिंदू ब, म्हणून तेही १. दोन्ही मिळून त्रिकोण अतब चं २. असेच आणखी दोन त्रिकोण बरक आणि कपअ, प्रत्येकी २. मधला १ धरून एकूण ७. राहिलं ते ड चं स्थान. रेषा पत पासून र चं अंतर एक एकक म्हणा. त हा बर चा मध्य आहे, म्हणून ब चं अंतरही एक एकक, पण विरुद्ध बाजूला. र हा पक चा मध्य आहे, म्हणून क चं अंतर दोन एकक. तेव्हा ही रेषा बक ला १ : २ याच गुणोत्तरात छेदते. ड जागेवर बसला. इ आणि फ चंही असंच.

पण हे एका खास त्रिकोणासाठी झालं, मी छोट्यापासून बनवलेल्या. परीक्षेत दिलेल्या त्रिकोणाचं काय? इथे अफाइन ग्रुप येतो: माझा अबक दिलेल्या त्रिकोणावर नेणारं रूपांतरण आहे, त्यात एक तृतीयांशाचे बिंदू एक तृतीयांशावरच जातात आणि क्षेत्रफळांचं गुणोत्तर तेच राहतं. म्हणून सगळ्या त्रिकोणांसाठी एक सप्तमांश. हे एक वाक्य लिहिलं नाही तर सिद्धता अपुरी, लिहिलं तर पूर्ण.

याच आकृतीत आणखी एक बारकावा आहे. मध्यगांच्या प्रश्नात समभुज घेतल्यावर सहाही सममिती उपयोगी पडतात. या प्रश्नात समभुज घेतला तरी आरसे चालत नाहीत, कारण आरशात ‘ब पासून एक तृतीयांश’ हे ‘क पासून एक तृतीयांश’ होतं. उरतात फक्त तीन फिरवण्या. हा सहा आणि तीनचा फरक असमिकांमध्ये मुलांना फार महागात पडतो. इथे अ, ब, क हे आकडे आहेत आणि अब म्हणजे त्यांचा गुणाकार. राशी तिन्ही अक्षरांत पूर्ण सममित असेल, जसं अब + बक + कअ, तर ‘अ ≥ ब ≥ क मानू’ म्हणायला हरकत नाही, कारण सहाही अदलाबदली विधान तसंच ठेवतात. पण अ²ब + ब²क + क²अ ही राशी फक्त चक्राकार सममित आहे. तिथे ‘अ सगळ्यात मोठा मानू’ एवढंच म्हणता येतं. ब आणि क चा क्रम तुमच्या हातात नाही, दोन्ही शक्यता वेगळ्या तपासाव्या लागतात. मी वह्या तपासतो तेव्हा या ओळीखाली रेघ मारायची वेळ वारंवार येते.

वर्तुळ अफाइनमध्ये टिकत नाही म्हटलं, पण त्याचं लंबवर्तुळ होतं, आणि तेही कामाला येतं. समभुज त्रिकोणाचं अंतर्वर्तुळ बाजूंना त्यांच्या मध्यबिंदूंतच स्पर्श करतं. कुठल्याही त्रिकोणावर नेलं की मिळतं: प्रत्येक त्रिकोणात बाजूंना मध्यबिंदूंत स्पर्श करणारं एक लंबवर्तुळ असतं, आणि ते त्रिकोणाच्या क्षेत्रफळाचा π/(३√३), म्हणजे सुमारे ०.६०४६ इतका भाग व्यापतं. उलट दिशेने, लंबवर्तुळात मावणारा सर्वांत मोठ्या क्षेत्रफळाचा त्रिकोण शोधायचा असेल तर लंबवर्तुळाचं वर्तुळ करा. वर्तुळात उत्तर समभुज त्रिकोण, आणि वर्तुळ कितीही फिरवता येतं म्हणून असे त्रिकोण अगणित. परत आल्यावर लंबवर्तुळाच्या प्रत्येक बिंदूतून असा एक त्रिकोण जातो. पण प्रश्नात ‘सर्वांत मोठी परिमिती’ असेल तर या वाटेला जाऊ नका, परिमिती अफाइन नाही.

अफाइनच्या पुढे प्रोजेक्टिव्ह रूपांतरणं. उन्हाऐवजी बल्बच्या उजेडात जाळीची सावली पाहा, समांतर गजांच्या सावल्या पसरत जातात. इथे आठ आकडे मोकळे, म्हणून ज्यातले कुठलेही तीन एका रेषेत नाहीत असे चार बिंदू घेतले तर त्यांचा चौरस मानता येतो. किंमतही मोठी: समांतरपणा, मध्यबिंदू, गुणोत्तरं सगळी जातात. राहतात रेषा, छेदन, स्पर्श, शंकुच्छेद (वर्तुळ, लंबवर्तुळ यांच्या जातीचे वक्र), आणि एका रेषेवरच्या चार बिंदूंचं क्रॉस रेशो (त्यांच्यातल्या अंतरांच्या दोन गुणोत्तरांचं गुणोत्तर). ज्या प्रमेयांत मोजमापच नाही, फक्त ‘हे तीन बिंदू एका रेषेत’ असतं, त्यांना ही भूमिती फार मानवते: पॅपस, देझार्ग, पास्कल यांची प्रमेयं. या विषयाची पायाभरणी करणारा पोंसले नेपोलियनच्या रशिया मोहिमेत पकडला गेला, सारातोव्हच्या कैदेत पुस्तकांशिवाय त्याने हे विचार जुळवले आणि १८२२ मध्ये ग्रंथ छापला. तुमच्या वर्षाला याची घाई नको. अफाइन हातात बसलं की हे आपोआप जवळचं वाटेल.

एक गोष्ट मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे: हे किती लिहायचं. बोर्डाच्या परीक्षेत ही वाट धरू नका. तपासणाऱ्यापुढे ठरलेली पायरीवार सिद्धता असते, तीच लिहा. एमएचटी-सीईटीसारख्या परीक्षेतल्या बहुपर्यायी प्रश्नांत त्रिकोण समभुज, काटकोन, काय हवा तो घ्या, अगदी शिरोलंबांच्या प्रश्नातही. तिथे प्रश्नच गृहीत धरतो की एक उत्तर सगळ्या त्रिकोणांना लागू आहे, तुम्ही फक्त ते ओळखताय, सिद्ध करत नाही. मात्र खास त्रिकोणात दोन पर्याय सारखेच ठरले तर दुसरा त्रिकोण घेऊन पुन्हा पाहा. समभुजात हे हमखास होतं, कारण तिथे सगळे बिंदू एकमेकांवर बसतात. ऑलिंपियाडमध्ये सिद्धता लिहायची असते. तिथे पहिल्या ओळीत रूपांतरण कोणतं, विधानातल्या कुठल्या गोष्टी त्यात टिकतात आणि आकृती हवी तशी का करता येते, हे स्पष्ट लिहा. दोन वाक्यं पुरतात.

आता तुमच्या शिरोलंबांकडे. अफाइन ग्रुप इथे फार मोठा आहे, लंब तोडतो. लंब टिकवणारा ग्रुप समरूपतेचा, आणि त्यात या प्रश्नासाठी अगदी बेतून दिल्यासारखं एक रूपांतरण आहे. मध्यगांचा संपातबिंदू ग घ्या (हे अक्षर आता बिंदूचं नाव). तो प्रत्येक मध्यगेला शिरोबिंदूकडून २ : १ असा विभागतो. ग मध्ये धरून सगळं प्रतल अर्धं करा आणि ग च्या पलीकडे उलटवा, म्हणजे −१/२ पटीची होमोथेटी. अ जातो बक च्या मध्यबिंदूवर, ब आणि क ही आपापल्या समोरच्या मध्यबिंदूंवर. होमोथेटीत प्रत्येक रेषा स्वतःला समांतर रेषेवर जाते. अ मधून बक ला काढलेला लंब कुठे जाईल? बक च्या मध्यबिंदूतून जाणाऱ्या आणि बक ला लंब असलेल्या रेषेवर, म्हणजे बक च्या लंबदुभाजकावर. तीन शिरोलंब तीन लंबदुभाजकांवर गेले. लंबदुभाजक एका बिंदूतून जातात हे तुम्हाला माहीत आहे (तो बिंदू तिन्ही शिरोबिंदूंपासून समान अंतरावर असतो). उलट्या रूपांतरणाने परत या, शिरोलंबही एका बिंदूतून जातात. सिद्धता पुरी, आणि त्रिकोण कुठेही समभुज मानलेला नाही.

शिवाय एक गोष्ट फुकट मिळाली. लंबसंपात ह आणि परिवर्तुळाचं केंद्र ओ घेतले तर या होमोथेटीत ह जातो ओ वर. म्हणून ह, ग, ओ एका रेषेत, ग मधे, आणि हग = २·गओ. ही ऑयलरची रेषा. आता याच होमोथेटीत त्रिकोणाचं परिवर्तुळ कुठे जातं ते काढा. नवं वर्तुळ कुठल्या तीन बिंदूंतून जातं ते लगेच दिसेल आणि त्याची त्रिज्याही. मग ह मध्ये धरून +१/२ पटीची होमोथेटी लावा, परिवर्तुळ पुन्हा त्याच वर्तुळावर जातं का ते तपासा आणि त्या वर्तुळावर आणखी किती बिंदू सापडतात ते मोजा. अडलात तर कुठे अडलात ते लिहून विचारा.